कालव्यावरचे शुक्रवार

कालव्याच्या चिखलात मी पहिल्यांदा पाय घातला तो एका माणसाची टाच बघायला. इतिहास, वारसा, श्रमदान असले मोठे शब्द तेव्हा डोक्यात नव्हते. शुक्रवार होता, सुट्टी होती, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि आमचे हे दारात उभे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगाला कुजक्या समुद्राचा वास. म्हणाले, "जरा चल. गंगारामच्या टाचेत काच गेलीय."

"मग हॉस्पिटलात न्या."

"तो म्हणतो, सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटल कशाला? वहिनी घरातच आहेत."

घरात नर्स असली की माणसं हॉस्पिटलाचा पत्ता विसरतात. कुवेतच्या एका दवाखान्यात मी वीसेक वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी ड्रेसिंगं माझ्या स्वयंपाकघरात झाली. मी गॅस बंद केला, पेटी उचलली आणि तणतणत निघाले.

आम्ही तेव्हा फिंतासला राहायचो. हे शुऐब्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. मूळचे देवगडचे, त्यामुळे समुद्र दिसला की यांना घर आठवतं. मी कराडची. माझ्या माहेरी पाणी एकाच दिशेने वाहतं आणि दिवसातून दोनदा मत बदलत नाही. गंगाराम यांच्याच पंचक्रोशीतला गवंडी; मीना अब्दुल्लाला कॉन्ट्रॅक्टरच्या कॅम्पात राहायचा, बायको-पोरं गावी. दोघं दर शुक्रवारी गळ घेऊन किनाऱ्यावर जायचे आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायचे. त्या दिवशी गळ बाजूला पडले होते आणि दोघं एका खंदकात उतरून फावड्याने घाण उपसत होते. त्यांच्यासोबत एक म्हातारा कुवेती, पांढरा डगला कमरेला खोचलेला, घामाने निथळतोय.

तो खंदक म्हणजे कालवा. किनाऱ्याच्या खडकातून खणून काढलेला, दोन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढा रुंद, दोन्ही बाजूंना समुद्रातल्या दगडांच्या भिंती. तिथला किनारा इतका उथळ की ओहोटीला होड्या कुठल्या कुठे अडकून पडायच्या. म्हणून जुन्या लोकांनी ही वाट काढली. भरतीला होडी कालव्याच्या तोंडाशी आली की शीड उतरवायचं, दोर फेकायचा आणि माणसांनी काठावरच्या फरसबंद पायवाटेवरून चालत तो ओढत होडी आत गावापर्यंत आणायची. मासळी, जळण, बसऱ्याहून आणलेलं गोडं पाणी, सगळं या वाटेने यायचं. पुढे तेल निघालं, रस्ते झाले आणि कालव्याचा कुणाला उपयोग उरला नाही. मग युद्ध झालं. सुरुंग काढणारे येऊन किनारा साफ करून गेले, पण कालव्यात तारा, टायर, काँक्रीटचे तुकडे आणि वाळू तशीच राहिली.

म्हाताऱ्याचं नाव बू युसूफ, म्हणजे युसूफचे वडील. तिकडे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यांच्या आजोबांची होडी या कालव्यातून यायची. स्वतः ते तरुणपणी खजूर घेऊन गलबतावरून मुंबईला यायचे, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे, शिव्या तर त्याहून बऱ्या. ते रोज एकटे येऊन चार घमेली उपसायचे. कोकणातल्या माणसाला सगळं जमतं, पण म्हातारा माणूस फावडं मारतोय आणि आपण शेजारी बसून गळ धरलाय, हे काही जमत नाही. असे हे दोघं त्या चिखलात उतरले आणि मागोमाग मीही.

गंगारामची काच काढून, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला उद्या दवाखान्यात येण्याची शपथ घालून मी विचारलं, "किती देणार आहेत हे बाबा?"

"कायच नाय."

"फुकट? आठवड्यातला एक दिवस मिळतो झोपायला, तो या उकिरड्यात?"

गंगाराम म्हणाला, "वयनी, सा दिस कंपनी सांगता ता करतंय. एक दिस माका व्हया ता करूक नको काय?"

पुढच्या शुक्रवारी कॅम्पातले आणखी पाच जण आले. नंतर पंधरा. त्यात कोकणातले जास्त, दोन मराठवाड्याचे, एक केरळी वेल्डर. शुक्रवारी कपडे धुवायचे, कोंबडी शिजवायची, घरी फोन लावायला रांगेत उभं राहायचं, एवढाच कार्यक्रम असलेली ही माणसं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललं असतं तरी ती गेली नसती.

आता कामाबद्दल सांगते, कारण लोकांना वाटतं चिखल उपसायला काय अक्कल लागते. पहिली गोष्ट, काम फक्त ओहोटीला. तीनेक तास मिळतात, मग समुद्र येतो आणि सगळ्यांना बाहेर काढतो. दुसरी गोष्ट, समुद्राकडच्या तोंडावर साचलेला वाळूचा उंचवटा शेवटी काढून तोंड उघडायचं; भरतीचं पाणी त्याच्यावरून येतंच. आधी उघडलं तर दर भरतीला नवी वाळू आत. तिसरी, पायवाटेची फरशी काढली तर तिच्यावर खडूने खूण करायची आणि त्याच जागी परत बसवायची; "साधारण तिथेच" चालत नाही. पायवाट सरळ नसली तर दोर ओढणारे एकमेकांच्या पायात येतात.

ओहोटी कधी, यावरून आमची सुरुवातीलाच शोभा झाली. कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात, की भरतीची वेळ निघते. गंगारामने कॅम्पातल्या कॅलेंडरवर तिथी पाहिली, हिशेब केला आणि ऐन ओहोटीच्या वेळी सगळ्यांना हजर केलं. पाहतो तर कालवा काठोकाठ भरलेला. पंधरा माणसं फावडी खांद्यावर टाकून पाण्याकडे बघत उभी. बू युसूफ हसून हसून खाली बसले. "अरे, चाँद एक है, लेकिन समंदर तुम्हारे गाँव का नहीं है." मग ते आणि गंगाराम वाळूत बोटाने आकडे काढत बसले, एक मुसलमानी तारीख मोजतोय, एक आपली तिथी, आणि फरक किती तासांचा पडतो ते दोघांनी ठरवून टाकलं. त्यानंतर वेळ कधी चुकली नाही. मी मात्र महिनाभर "पाऊणपट" म्हणून गंगारामला चिडवत होते.

माझं काम पेटी घेऊन काठावर बसायचं आणि ओरडायचं. टोपी घाल, पाणी पी, हातमोजे कुठायत, बिडी नंतर. शिंपल्यांनी कापलेली बोटं तर मोजायचीच नाहीत. एकदा केरळी वेल्डरच्या पायाला चिखलात लपलेल्या पाकट माशाने शेपटीचा काटा मारला. वेदना अशी की तो धिप्पाड माणूस आईच्या नावाने हंबरायला लागला. यावर उपाय सोसवेल तेवढं कढत पाणी, कारण ते विष उष्णतेने मोडतं. किनाऱ्यावर कढत पाणी कुठून आणायचं? मी सगळ्यांसाठी आणलेला चहा घमेल्यात ओतला आणि त्याचा पाय आत बुडवला. थर्मासमागून थर्मास. दुधाचा, साखरेचा, वेलदोडा घातलेला चहा. दुखणं उतरलं तसा तो भानावर आला आणि लाजत म्हणाला, "सिस्टर, थोडा बाकी है क्या? पीने के लिए?"

येणाऱ्यांत नमुनेही होते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पांढरेशुभ्र बूट घालून आले, अर्धा तास "युरोपात हे लोक कसं जपतात" यावर बोलले आणि एका टायरसोबत फोटो काढून गेले. तो टायर काढला होता गंगारामने. शेजारच्या बाई यायच्या त्या फक्त आपला नवरा खरंच इथे येतो की दुसरीकडे, हे पाहायला. खात्री पटल्यावर त्या राहिल्या आणि घमेली वाहायला लागल्या. आमची लेक एकदाच आली. तिचं म्हणणं, "आई, इट स्टिंक्स." खरंच होतं ते, मी काही वाद घातला नाही.

दोनेक वर्षं असं हसतखेळत चाललं. मग किनाऱ्यावर फिरायचा रस्ता करायचं ठरलं. भराव टाकत टाकत ट्रक उत्तरेकडून सरकायला लागले आणि एक दिवस सरकारी मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, कालव्यावर येऊन उभा राहिला. इजिप्तचा माणूस, सभ्य, काळे चकचकीत बूट. बू युसूफशी त्याचं अरबीत बराच वेळ बोलणं झालं आणि म्हाताऱ्याने आम्हाला सांगितलं ते असं: नकाशावर इथे खड्डा आहे आणि खड्डा बुजवायचाच असतो. पण समुद्रातून होडी आत शेवटपर्यंत येऊन दाखवली, तर तो रस्ता वळवून नेईल. नाही आली तर ट्रक इथवर पोचले की काम खलास. मधे मोठ्या भरतीची एकच पौर्णिमा पडत होती, महिनाभरावरची.

होडी होती. आजोबांच्या वेळची नव्हे, वडिलांची. बू युसूफच्या अंगणात ताडपत्रीखाली टेकू देऊन ठेवलेली. म्हाताऱ्याला ती एकदा त्या वाटेने घरी आणायची होती. त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. आणि मला दुसरंही काही दिसत होतं. त्यांच्या घोट्यांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा राहायचा, चार पावलांत दम लागायचा. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती. मी त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि खुर्ची दिली. रागावले, पण बसले.

"सिस्टर, नाव अंदर आने दो. फिर अस्पताल ले जाओ, क़ब्रस्तान ले जाओ, मेरी तरफ़ से छुट्टी."

"कब्रस्तान मेरे डिपार्टमेंट में नहीं है," मी म्हटलं.

सगळ्यांना घाई झाली आणि घाईत घोळ होतो. भिंतीचे दगड नुसते एकावर एक रचलेले, मधे चुना नाही की माती नाही, फटीतून पाणी ठिबकायचं. गंगाराम खारजमिनीवरच्या गावचा. तिथे समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो आणि बांधाला खेकड्याचं भोक दिसलं तरी गावाला झोप लागत नाही. एका शुक्रवारी बू युसूफ दम वाढला म्हणून हॉस्पिटलात होते, मीच घेऊन गेले होते. तेवढ्यात कोकणच्या या मंडळींनी सिमेंट आणून एका बाजूच्या भिंतीच्या सगळ्या फटी भरल्या. अशा सुबक भरल्या की मी परत आल्यावर हात फिरवून पाहिला आणि शाबासकी दिली. एक थेंब गळत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी पोचलो तर खोलीएवढी भिंत कालव्यात आडवी झालेली. वरची पायवाट तिच्यासोबत. कालवा आरपार बुजलेला आणि पौर्णिमेला दोन आठवडे राहिलेले.

बू युसूफ काठीवर रेलून खाली बघत होते. मग त्यांनी उरलेल्या भिंतीवर काठी आपटली. "किसने बंद किया?"

"मी," गंगाराम म्हणाला.

"बहुत अच्छा काम किया. दीवार को मार डाला." मग असं काही बोलले की मी कान झाकायला हवे होते. राग ओसरल्यावर समजावलं, "भरती में पानी पीछे की रेत में जाता है. ओहोटी में निकलेगा किधर से? इसके पेट में पानी रह गया. पेट फट गया."

मला ते चटकन कळलं. ऑपरेशननंतर पोटात नळी ठेवतात ती याचसाठी. आतलं पाणी बाहेर यायला वाट नको का? कोकणातला बांध गळला तर मेला आणि ही भिंत गळली नाही म्हणून मेली.

गंगारामने छिन्नी-हातोडा घेतला आणि उरलेल्या भिंतीतलं स्वतःचं सिमेंट फोडायला बसला. इतक्या मन लावून केलेलं काम आपल्याच हाताने फोडताना त्याचा चेहरा मला बघवेना. मी पाण्याची बाटली नेऊन दिली, तीही त्याने तशीच ठेवली. घटकाभराने बू युसूफने आपली खुर्ची ओढत त्याच्याशेजारी आणली आणि काठीने दाखवायला सुरुवात केली, ही फट ठेव, ही पण ठेव, तिथे लहान दगड बसव. दुपारपर्यंत दोघं पुन्हा बोलायला लागले होते.

ते दोन आठवडे आम्ही शुक्रवारची वाट पाहिली नाही. ओहोटी संध्याकाळची असली की मीना अब्दुल्लाहून पोरं ड्युटीच्या कपड्यांतच पिकअपमधून यायची. मी तिथल्या मराठी मंडळाच्या बायकांना फोन लावले. गणपतीत उकडीच्या मोदकांवरून भांडून अबोला धरलेल्या दोघी घमेल्यांच्या रांगेत शेजारीशेजारी आल्या आणि नाइलाजाने "घ्या", "द्या" करत बोलायला लागल्या. दवाखान्यातल्या चार सिस्टर आल्या. भिंत उभी राहिली, गळकी, बू युसूफला हवी तशी. शेवटच्या दिवशी तोंड उघडलं.

होडी आठवडाभर आधीच ट्रकने जवळच्या बंदरात नेऊन पाण्यात सोडली होती, कारण सुकलेलं लाकूड भिजून फुगल्याशिवाय फटी मिटत नाहीत. नशिबाने मोठी भरती शुक्रवारीच आली. मोटरबोटीने होडी कालव्याच्या तोंडाशी आणून सोडली. काठावर आमची सगळी पलटण, आणि जरा दूर इंजिनिअर, हाताची घडी घालून.

दोर आला. गंगारामने सगळ्यात पुढे जाऊन तो खांद्यावर घेतला. बू युसूफने काढून घेतला.

"तू ऊपर बैठ."

"मी कित्याक?"

"हमारे यहाँ जो रास्ता बनाता है, वो पहली बार रस्सी नहीं पकड़ता. बैठ के आता है. मालिक खींचता है."

असा रिवाज खरोखर होता की म्हाताऱ्याने तिथेच उभ्या उभ्या काढला, देव जाणे. गंगाराम नाही नाही म्हणत असतानाच पोरांनी त्याला उचलून होडीत ठेवलं. मी पुढे झाले. "बू युसूफ, डॉक्टर ने क्या बोला है?"

"सिस्टर, डॉक्टर नाव में नहीं बैठा है."

मी त्यांच्या मागे दोर धरून उभी राहिले. ओढायला नव्हे, ते कोसळले तर धरायला. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता आणि तो मला मुळीच आवडत नव्हता. पण मी गप्प राहिले, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड आहे.

होडी हलली. पायवाटेवरून आम्ही एकामागे एक चालत होतो. गंगारामला बसवेना. हातांचं काय करावं कळत नव्हतं, सारखा उठून उडी मारायला बघायचा आणि म्हातारा दोरावरून ओरडायचा, "बैठ." भिंत पडली होती तिथे आलो आणि होडी खाली घासून थांबली. राहिलेला एखादा दगड असावा. ओढलं, हलेना. पुन्हा ओढलं. भरतीचं पाणी चढायचं थांबलं होतं, आता ते उतरायला लागणार. बू युसूफचे ओठ निळसर दिसायला लागले. मी त्यांच्या दंडाला धरलं तर त्यांनी हात झटकला.

तेवढ्यात माझ्या मागे दोराला झटका बसला. वळून पाहिलं तर इंजिनिअर. काळे चकचकीत बूट घोट्यापर्यंत चिखलात आणि दोर दोन्ही हातांनी धरलेला. खाली लाकूड कुरकुरलं, होडीने अंग चोरलं आणि सुटली. थेट आतल्या टोकाला जाऊन टेकली. इंजिनिअर अरबीत काहीतरी बोलला. बू युसूफ फरसबंदीवर बसले आणि दम खात मला म्हणाले, "बोलता है, रास्ता घूम के जाएगा."

मग मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. शब्द दिल्याप्रमाणे काही कुरकुर न करता आले. पुढे तीन हिवाळे ते खुर्ची टाकून कालव्यावर बसत होते. रस्ता खरंच वळसा घालून गेला. नंतर कुणीतरी जुन्या पायवाटेवर गुलाबी टाइल्स बसवल्या. अगदी हॉटेलच्या बाथरूमसारख्या. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. पण भिंत उभी आहे आणि आतून गळते आहे, असं तिकडून येणारे सांगतात.

त्या दिवशी हॉस्पिटलातून निघालो तेव्हा गंगाराम आमच्याच गाडीत होता. त्याला मीना अब्दुल्लाला सोडायचं होतं. कॅम्पातली बाकीची पोरं पिकअपमध्ये गात पुढे गेली होती आणि हा मागच्या सीटवर अगदी चिडीचूप. मी विचारलं, "काय रे, बरं वाटत नाही का?"

"बरा आसंय."

गाडी हायवेला लागल्यावर स्वतःच बोलला. "वयनी, मी पयल्यांदा हय इलंय तेव्हा विमानतळार कंपनीचो माणूस उभो होतो. तेना आदी पासपोर्ट घेतल्यान, मगे नाव इचारल्यान. इतकी वर्सां झाली. माका घेवक कोणतरी इलो तो आज, खांद्यार दोर घेवन."

एवढं बोलून तो गुडघ्यावरचा सुकलेला चिखल खरवडायला लागला. मी पुढच्या सीटवर सरळ रडले. यांनी कॅम्पाच्या फाटकापर्यंत गाडी हळू चालवली.